गच्चीवरची तार

तुमच्या मोबाइलचा अँटेना तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? मीपण नाही. तो आत कुठेतरी दडलेला असतो आणि आपण फक्त 'रेंज नाही यार' म्हणत बसतो. माझा अँटेना मात्र ठाण्यात आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी चक्क दिसतो. शेजारच्या काकूंना ती कपडे वाळत घालायची दोरी वाटली होती!

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं खूळ डोक्यात शिरलं ते २६ जुलै २००५मुळे. त्या दिवशी मुंबईत मोबाइल गप्प झाले. बाबा कुठे अडकलेत, हे दुसऱ्या दिवशी ते दारात उभे राहीपर्यंत आम्हाला कळलं नाही. पुढे कधीतरी वाचलं, की डिसेंबर २००४च्या त्सुनामीत भारती प्रसाद या हॅमनं पोर्ट ब्लेअरहून रेडिओवरून लोकांचे निरोप पोचवले होते. मधे ना टॉवर, ना कंपनी! शेवटी मीही परीक्षा दिली, सरकारी परवाना काढला आणि अँटेना करायला घेतला.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे डायपोल. १४३ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं भागा, तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. मला १४.२ हवं होतं, म्हणजे १०.०७ मीटर. तार मधोमध तोडायची. एका अर्ध्याला कोॲक्स केबलची आतली तार, दुसऱ्याला बाहेरची जाळी. मधला जोड २० फुटी बांबूच्या टोकाला आणि दोन्ही बाजू छपरासारख्या उतरत्या. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे, नायलॉनची दोरी. आणि ही टोकं कुणाच्या हाताला लागणार नाहीत एवढी उंच. विजा कडाडायला लागल्या, की केबल काढून ठेवायची.

खरी मजा ट्यूनिंगची. तार मुद्दाम लांब ठेवायची, कारण छाटणं सोपं, जोडणं कटकटीचं. मी प्रत्येक बाजू ५.१८ मीटर ठेवली. खिशात मावणारं नॅनोव्हीएनए लावलं, तर एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी १३.८ला! एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेली पॉवर किती परत फिरतेय, त्याचा हिशोब. १ म्हणजे बेस्ट, ३ म्हणजे पाव पॉवर परत. मग बांबू उतरवा, दोन्हीकडून पाच-पाच सेंटिमीटर छाटा, बांबू चढवा. तिसऱ्या फेरीला १४.२वर १.२. शर्ट घामानं चिंब, पण सॉलिड वाटलं.

ऑफिसात दिवसभर एक्सेलमधले आकडे हलवतो. कशामुळे काय झालं, ते अप्रेझलपर्यंत कळत नाही. इथे पाच सेंटिमीटर कापले, की आकडा लगेच सरकतो.

त्या संध्याकाळी खरखरीतून इटलीतला एकजण बोलला. माझा आवाज त्याच्याकडे स्वच्छ पोचत होता. बाबा शेजारीच उभे होते.

"नेटवर्क गेलं तरी हे चालेल?"

"बॅटरी असली की झालं."

ते काही बोलले नाहीत. बांबूजवळ गेले आणि दोरीची गाठ आणखी घट्ट केली.