बारावा फोटो

वाईहून आलेल्या त्या फोटोत ढोल्या गणपतीचा कळस कापला गेला आहे. पितृपंधरवड्याचे शेवटचे दिवस, घटस्थापना तोंडावर, आणि घाटाच्या पायऱ्यांवर साऱ्या आळीची अंथरुणं-पांघरुणं उतरलेली. गोधडी पिळणाऱ्या दोघींपैकी एकीची पाठ, दुसरीचा कोपरापर्यंतचा हात. वाळत घातलेल्यांच्या कोपऱ्यांवर दगड. एका गोधडीच्या पोटात इरकली लुगड्याचा तुकडा, काठासकट. वरच्या कडेला देऊळ येतं, पण छातीपर्यंतच. खाली ओळ : ‘आज ऊन बरं पडलंय.’

वाईला आलेला कुठलाही पाहुणा असा फोटो काढणार नाही. तो मागे सरकेल, आणखी मागे सरकेल, वेळ पडली तर कृष्णेत उतरेल, पण कळस घेईल. ज्याने हा फोटो पाठवला त्याला कळसाचं काय? तो 1762 पासून तिथेच आहे. रास्त्यांनी बांधलं, पुराचं पाणी फुटावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली, आणि देऊळ दर पावसाळा काढतं आहे. गोधड्या मात्र संध्याकाळपर्यंत घरोघर परत जायच्या होत्या.

हा फोटो आला तो माझ्या आजोळच्या आळीच्या ग्रुपवर. त्या ग्रुपमध्ये एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, एक औषधांचे दुकानदार, बँकेत लागलेली एक मुलगी, शाळेतल्या दोन बाई, आणि माझ्यासारखे पुण्याला, ठाण्याला, शारजाला पांगलेले बरेच. फोटोग्राफी कोणी शिकलेलं नाही. एक तृतीयांशाचा नियम सांगणारा एक भाचा मध्ये घुसला होता, तो कंटाळून गेला. आता येतात ते असे फोटो : मंडईत पहिला पावटा. पांडवगडावर धुकं, गड नाहीच. नळाला आलेलं गढूळ पाणी, बादलीसकट. स्कूटरच्या सीटवर झोपलेलं मांजर, आणि खाली प्रश्न, ‘गाडी कोणाची आहे?’ गुलाबाच्या फुलावर सुप्रभात लिहून पाठवणारेही आहेत. त्यांच्याकडे मी बघत नाही. ड्रोनमधून काढलेले फोटोही मला आवडत नाहीत. एवढ्या उंचीवरून वाई आणि वडूज सारखंच दिसतं.

वाईला कॅमेऱ्याचं अप्रूप तसं उरलेलं नाही. हा घाट पडद्यावर कितीदा तरी आला, फक्त वाई म्हणून फारसा आला नाही. 2003 च्या ‘गंगाजल’मध्ये तो बिहार होता. पुढच्या वर्षी ‘स्वदेस’ आला आणि पलीकडची मेणवली चरणपूर झाली. 2010 मध्ये ‘दबंग’साठी वाई उत्तर प्रदेशातलं लालगंज झाली. पाट्यांवरचा ‘ळ’ पुसला की आपण गंगेच्या खोऱ्यात. बरं, गावाचीही तक्रार नसते. शूटिंग बघायला सारी आळी लोटते आणि नंतर थिएटरात बसून घाट ओळखते. वाईने वाई म्हणून दिसायचं ते या ग्रुपवर, कळस कापून.

माझ्या लहानपणी, आजोळी नानामामाकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. बडोद्यात तयार होणारा, काळा, हलका. भिंगापाशी ऊन आणि ढग अशी दोन चित्रं. आभाळ बघायचं आणि काटा त्या चित्रावर न्यायचा, संपलं तंत्रज्ञान. एकशेवीसचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. पाठीमागे लाल काचेची बारीक खिडकी होती. किल्ली फिरवत गेलं की तिच्यात आधी ठिपके यायचे, मग हळूहळू आकडा. आकडा आणायचं काम आम्हा मुलांत पाळीपाळीने. पुढे गेला तर एक फोटो फुकट, म्हणून किल्ली फिरवणाऱ्याच्या आजूबाजूला कोणी शिंकायचंसुद्धा नाही.

रोल गणपतीत भरला जायचा आणि तो उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा असायचा. मामा कारकून, बाराच्या पुढे तेरावा परवडत नव्हता. त्यामुळे प्रत्येक आकड्यावर आधीपासून कोणाचं तरी नाव लागलेलं. गौरींची आरास एक. भाऊबीज एक, त्यात सगळ्या आत्या-मावश्या एकदम. कोणाचं जावळ. घाटावर कृष्णाबाईचा उत्सव बसला की मांडवाखालची पंगत. लग्न निघालं तर तीन-चार तिकडेच जायचे आणि मग बाकीच्यांची कुरकुर. मामीने एकदा शिलाईच्या मशीनचा फोटो मागितला. ते तिने स्वतःच्या शिवणाच्या पैशांतून घेतलं होतं.

‘‘अगं, मशीन कुठे पळून चाललंय?’’ मामा म्हणाला.

‘‘मी तरी कुठे पळून चाललेय? मग माझे कशाला काढता?’’

मशीनचा फोटो निघाला नाही. मला अजून वाटतं, निघायला हवा होता.

माणसांचे फोटो काढताना मामाचा हुकूम एकच : तोंडं उन्हाकडे. उजेड फोटोवाल्याच्या पाठीमागून यायला हवा, असं त्याला कॅमेऱ्याबरोबरच्या कागदाने सांगितलं होतं आणि तो कागद त्याने पाळला. परिणामी आमच्या घरात आनंदाचा असा एकही प्रसंग नाही ज्यात माणसं डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून, कोणावर तरी चिडल्यासारखी उभी नाहीत. नव्या सुनाही.

तर अकरा व्हायचे. आणि मग रोल अडकायचा. वैशाख लागलेला, लग्नाचे फोटो कधी बघायला मिळतात म्हणून व्याह्यांची पत्रं, घरात बायकांचा तगादा, आणि कॅमेऱ्यात एक फोटो शिल्लक. अर्धामुर्धा रोल धुवायला टाकायची कोणाची छाती व्हायची नाही. पैसे पूर्ण रोलचे घेतले जातात, मग एक रिकामा का सोडायचा? पण काढायला तर काहीच नसायचं. ज्यांचे काढायचे ते माहेरून परत गेलेले, सण सरलेले. अशा वेळी नानामामा दुपारचा चहा पिऊन, कॅमेरा गळ्यात अडकवून सायकलवर टांग मारायचा. कधी मला कॅरियरवर घ्यायचा. ‘‘चल, रोल संपवून येऊ.’’ गणपती आळीतून मधल्या आळीकडे, तिथून मंडईकडे, आणि मग जे कुठलं पहिलं डोळ्यात भरेल त्यावर तो बारावा खर्च करून आम्ही सरळ फोटोवाल्याकडे. उभ्याउभ्या. उतरून कोन बघणं, वाट बघणं असलं काही नाही. एकदा तर सायकलवरून न उतरताच, एक पाय फुटपाथच्या दगडावर टेकवून त्याने खटका दाबला.

धुऊन आलेल्या फोटोंपैकी अकरा काळ्या पानांच्या अल्बममध्ये जायचे, चारी कोपऱ्यांना कागदी कोपरे लावून. मागे पेन्सिलीने नावं, तिथी, सोबत कोण उभं. बारावा अल्बममध्ये कशाला चिकटवायचा? तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडायचा. त्याच्या मागे काही नसायचं, किंवा फार तर ‘रो. सं.’.

मामा गेल्यानंतर मामेभावाने तो डबा माझ्याकडे दिला, तोही अल्बम त्याला हवा होता म्हणून. अल्बमवरून आमच्यात काही झालं नाही. अकरांत आम्ही आहोत, आणि सगळ्यांच्या घरात सगळे असतात तसेच आहोत. डब्यात मात्र वाई आहे. एसटीच्या टपावर कोंबड्यांची डालगी चढवणारा माणूस, एक पाय शिडीवर, दुसरा हवेत. भर दुपारी बंद दुकान, त्याच्या लाकडी फळ्यांवर खडूने घातलेले आकडे, आणि सहाच्या जागी लागलेली आठ. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, फोटोत काळपट, त्याच्या सावलीत एक गाढव. रसवंतीचं चाक, त्याचे घुंगरू हलल्यामुळे पुसट. उन्हाळ्यात आटलेल्या कृष्णेच्या पात्रात, डबक्याच्या कडेला, कोणीतरी धुऊन उलटा ठेवलेला तांब्याचा हंडा, आणि हंड्याचं माणूस फोटोबाहेर. ती काठावर होती. मी तिला बघितलं होतं, हिरव्या लुगड्यातली, पण मामाच्या चौकोनात ती मावली नाही.

क्लिक थ्रीचं भिंग पक्कं बसवलेलं, अंतर जुळवायची सोय नव्हती; नऊ-दहा फुटांच्या आत कोणी आलं की चेहरा धूसर व्हायचा. म्हणून माणसांना लांब उभं करायला लागायचं. माणसं लहान व्हायची आणि त्यांच्या बाजूने, डोक्यावरून, दोन जावांच्या मधल्या फटीतून गाव आत यायचं. जावळाच्या फोटोत मागे पिठाच्या गिरणीचं दार आहे. गिरणी गेली, जावळ झालेला मुलगाही आता टकला झाला. स्वस्त कॅमेऱ्याचा हा उपकार महागड्या कॅमेऱ्यांनी कधी केला नसता.

महाग आणि स्वस्त यांचा विचार करताना मला नेहमी मुंबईचे पहिले हौशी फोटोवाले आठवतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 मध्ये. भाऊ दाजींचे भाऊ, डॉक्टर नारायण दाजी, त्यात होते आणि स्वतः फोटो काढत होते. ओली काच, रसायनं, तंबूत अंधार, उकाड्यात घामाघूम; एका फोटोमागे अर्धा दिवस जात असेल. 1856 पासून दोन वर्षं विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन हे दोघं ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढत होते. मासिकच ते, पण दर अंकात छापील चित्रांऐवजी खरे फोटो चिकटवलेले, तीन-तीन. आमच्या ग्रुपची ही पणजी म्हणायची. पण पणजीचा एक गुण मला पटत नाही. त्यात माणूस येतो तो ‘नमुना’ म्हणून येतो : अमुक जातीचा, तमुक धंद्याचा, पोशाखासकट. पुढे जॉन्सनने मुंबईच्या रहिवाशांवर आणि पाहुण्यांवर दोन खंडांचं मोठं पुस्तक केलं, 1863 आणि 1866 मध्ये. त्यात माणसं एकीकडे टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची, दोन्ही जोडून एक फोटो. माणूस स्टुडिओतला, मागे कुठला तरी देखावा. काम सफाईचं आहे. माझं मन रमत नाही. त्या माणसाच्या मागे खरोखर काय होतं, कोणतं दार, कोणती खुंटी, कोणाचं वाळत घातलेलं धोतर, ते कायमचं गेलं.

आता तेच काम फोनमधला पोर्ट्रेट मोड एका बोटावर करतो. माणूस लख्ख, मागचं सगळं लोणी. ग्रुपवर कोणी नातवाचा असा फोटो टाकला की मी नातवाचं कौतुक करतो आणि मनातल्या मनात लोण्यात चाचपत राहतो : ती पिवळी चकती म्हणजे रिक्षा आहे का? मग हा बावधन नाका का? नातू सगळ्यांचे गोड असतात.

शिवाय ग्रुपवर येताना फोटोचा आकार घटतो आणि तो कधी, कुठे काढला ही फोनने आत लपवलेली माहितीही गळून पडते. उरतं ते माणसाने खाली लिहिलेलं. ‘आज ऊन बरं पडलंय.’ आज म्हणजे कधी, हे तीस वर्षांनी कोण सांगणार? मामाची पेन्सिल बरी होती, पण तीही बाराव्याला लागली नाही.

गोधड्यांच्या फोटोवर शाळेतल्या एक बाई रागावल्या होत्या. बायका कपडे धुताना त्यांचे फोटो असे टाकावेत का, विचारलं होतं का त्यांना? पाठवणाऱ्याने लिहिलं, ‘पाठमोऱ्या आहेत.’ बाईंनी लिहिलं, ‘म्हणजे विचारलं नाही.’ बाईंचं बरोबर आहे. मामानेही डालगीवाल्याला विचारलं नव्हतं. तेव्हा डालगीवाल्याचा फोटो डब्यात पडला आणि डबा कपाटावर राहिला. आता फोटो शारजापर्यंत जातो. इतक्यात गोधडी पिळणाऱ्यांपैकी एकीच्या सुनेनेच लिहिलं, ‘हा हात आमच्या आईंचा आहे, बांगड्यांवरून ओळखला, त्यांना दाखवला, त्या म्हणाल्या माझं तोंड का नाही घेतलं?’

या धामधुमीत मी डब्यातला बंद दुकानाचा फोटो स्कॅन करून टाकला. खाली लिहिलं, ‘हे दुकान कोणतं?’ दहा मिनिटांत आळी जागी झाली. औषधवाले म्हणाले, भुसारी दुकान, मालकाचं नाव ओठांवर आहे. ड्रायव्हर काका म्हणाले, छे, ते कापडाचं, भुसारी त्याच्या पलीकडे, मी तिथून माझ्या लग्नाचं धोतर घेतलं. शारजाहून निरोप आला की फळ्यांवरचे आकडे चुकीचे लागलेत याचा अर्थ त्या दिवशी दुकान मालकाने बंद केलेलं नाही, गड्याने केलंय, आणि तो गडी पुढे त्यांच्याच वडिलांकडे होता. बँकेतल्या मुलीने फोटो मोठा करून कोपरा पाठवला : तिथे सायकलचं अर्धं चाक आहे, डायनामोसकट. ही सायकल आमच्या अण्णांची, असं तीन वेगवेगळ्या घरांनी कळवलं. ती नानामामाची नक्की नव्हती, आम्ही त्याच्या सायकलवर बसूनच तो फोटो काढला होता; मी तसं लिहिलं, पण कोणी मनावर घेतलं नाही. कापड की भुसार हा वाद रात्री अकरापर्यंत चालला. मध्येच कोणीतरी गुलाब टाकून शुभ रात्री म्हणालं, तर ड्रायव्हर काकांनी त्याला दटावलं, ‘‘थांब रे, आधी दुकान ठरू दे.’’