मुक्कामाचे गाव

पुतण्याने लिहिले, "काका, हॉलंडात आठ दिवस सायकलने हिंडायचे आहे. मुक्काम कुठे ठेवू?" सायकलने अंबरनाथ-उल्हासनगरपलीकडे फारसा न गेलेल्या मला हा प्रश्न! पण उत्तर मला ठाऊक होते.

बदलापूर हे मुळी मुक्कामाचेच गाव. इथे घोडे बदलत म्हणून हे नाव, असे सांगतात. इथून एक दिवस अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय, एक दिवस कोंडेश्वर, एक दिवस बारवी धरण. सायकल मोडलीच, तर निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात न मिळणारा जिन्नस नाही.

मी लिहिले, "जाताना चढ असावा, येताना उतार. हॉलंड बहुतेक सपाट. तिथे वारा हाच चढ. सकाळी वाऱ्याला तोंड देऊन निघ, म्हणजे संध्याकाळी तोच पाठीशी राहील."

खरी अट राहिलीच होती. मला उशीर झाला की ही ओट्यावर कंदील ठेवून बसे. लांबून तो दिसला की पायांत बळ येई. ती गेल्यावर मी कोंडेश्वरला गेलो नाही.

यंदा आकाशकंदील लावला, सायकल काढली, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि वळून पाहिले.

परत येऊन पत्र पुरे केले : "उशीर झाला तर कुणी विचारील, अशा घरी उतर."