वाढविणें

इंग्रजी भाषेंत ‘वाढविणें’ या एका साध्या क्रियेला किती क्रियापदें आहेत हें मोजूं लागलें, म्हणजे त्या श्रीमंतीचा हेवा करावा कीं भय धरावें, हें कळेनासें होतें. इन्क्रीज, एन्लार्ज, ऑग्मेंट, एक्स्पांड, मॅग्निफाय, इन्फ्लेट, एक्झॅजरेट—कोशांत यांपैकीं बहुतेकांपुढें फिरून फिरून ‘वाढविणें’ हाच अर्थ सांपडतो. विद्यार्थिदशेंत आम्हांला वाटे कीं, हीं सारीं एकाच घरचीं भावंडें. कोणालाहि हांक मारावी, काम होईलच. या समजुतीचें प्रायश्चित्त आम्हांला नव्हे, तर एका वृद्ध गृहस्थाला घ्यावें लागलें. म्हणून ती हकीकत येथें सांगत आहों.

२००५ सालच्या महापुरांत सांगलीस कृष्णेचें पाणी आमच्या गल्लींत शिरलें. शेजारीं अण्णांचें किराणा मालाचें दुकान होतें. पाणी ओसरल्यावर त्यांनीं नुकसानीचा अंदाज विमा कंपनीकडे धाडला. पुढें भिंतीलगतच्या फळ्या उचकटल्या, तेव्हां मागील लांकूडहि कुजलेलें निघालें आणि सुताराचा आंकडा चढला. अण्णा आमच्याकडे आले व म्हणाले, “तुझें इंग्रजी चांगलें. रक्कम वाढविली आहे, एवढें त्यांना नीट लिहून कळव.” आम्ही तेव्हां नुकतेच कॉलेजांत गेलों होतों. ‘इन्क्रीज’ हा शब्द आम्हांला शाळकरी वाटला. कांहीं भारदस्त हवें, म्हणून आम्हीं लिहून टाकलें कीं, पहिल्या अंदाजाची रक्कम ‘इन्फ्लेट’ केली आहे.

पंधरा दिवसांनीं कागद परत आला. त्या शब्दाखालीं तांबडी रेघ होती आणि मूळचाहि दावा फेरतपासणीस घेतला होता. तपासणीस आलेल्या गृहस्थानें फळ्यांआधीं अण्णांचा चेहरा न्याहाळला. तो गेल्यावर अण्णांनीं विचारलें, “वाढविली, एवढेंच ना लिहिलें होतेंस?” आम्हांला मान वर करवेना. ‘इन्फ्लेट’ म्हणजे फुगविणें. फुंकणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो शब्द आला आहे. ज्यांत वारा भरावा तें मोठें दिसतें, भरीव होत नाहीं. जन्मभर तराजूची दांडी सरळ धरणाऱ्या माणसाच्या सहीवर ‘मीं हिशेब फुगविला’ असा कबुलीजबाब आम्हीं लिहून दिला होता! हिशेब वाढणें निराळें आणि फुगविणें निराळें, हें मराठींत आम्हांला पुरतें ठाऊक होतें. पण परभाषेंत शिरतांना स्वभाषेंतील शहाणपण आम्हीं उंबऱ्याबाहेरच ठेविलें.

तेव्हांपासून या क्रियापदांच्या कुळकथा पाहण्याची आम्हांला खोड लागली. ‘मॅग्निफाय’मधील लॅटिन ‘मॅग्नस’ हा आपल्या ‘महत्’चा आप्त; ईश्वराचें माहात्म्य गाणें हा त्या क्रियापदाचा इंग्रजींतील जुना अर्थ, भिंगाच्या पदरीं तें मागाहून आलें. ‘एक्झॅजरेट’च्या मुळाशीं मातीवर माती रचून बांध घालण्याची कल्पना आहे. ‘ॲग्रव्हेट’ म्हणजे भार घालणें. त्यांतील ‘ग्रॅव्हिस’ आणि आपला ‘गुरु’ हे सगोत्र. म्हणूनच दुखणें, भांडण व अपराध यांच्याच वांट्याला तें क्रियापद येतें; पगार वाढला तर तो कोणी ‘ॲग्रव्हेट’ झाला असें म्हणत नाहीं. ‘वॅक्स’ हें जुनें क्रियापद आतां मुख्यत्वें शुक्लपक्षांतील चंद्राच्या सेवेस उरलें आहे. ‘ईक’ हें तर इंग्रजीच्या अगदीं घरचें. एके काळीं त्याचा अर्थ सरळ वाढविणें असा होता. आज तुटपुंजी मिळकत पुरवून पुरवून दिवस काढण्याच्या कामीं तें झिजत आहे. टोपणनांवाला इंग्रजींत ‘निकनेम’ म्हणतात, तेंहि मूळचें ‘ईकनेम’, म्हणजे वाढीव नांव; पुढच्या ‘ॲन्’मधील नकार कालांतरानें त्याला चिकटला.

या मेळाव्यांत आमचा लोभ जडला तो ‘ऑग्मेंट’वर. त्याच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन धातूपासूनच ग्रंथकाराला ‘ऑथर’ आणि लिलांवाला ‘ऑक्शन’ हे शब्द मिळाले. एक भर घालणारा, दुसऱ्यांत बोली चढत जाणारी. संस्कृतांत ‘गच्छति’चें ‘अगच्छत्’ होतांना आरंभीं जो अकार येतो, त्याला पाणिनीच्या परंपरेंत ‘अट्’ आगम म्हणतात आणि युरोपीय वैयाकरण ‘ऑग्मेंट’ म्हणतात. एक अक्षर वाढलें आणि क्रिया भूतकाळांत गेली. भर पडली ती कामाची पडली. फुगवटा कोठेंच नाहीं.

एखादी गोष्ट वाढली एवढेंच सांगणारीं क्रियापदें थोडीं. ती वाऱ्यानें वाढली, ओझ्यानें वाढली, कीं चंद्रासारखी आपोआप वाढली, हेंहि बहुतेक क्रियापदें न विचारतां सांगून मोकळीं होतात. म्हणून क्रियापद निवडणें म्हणजे दुसऱ्याच्या नियतीविषयीं साक्ष देणेंच होय.

आम्हीं दुसरें पत्र लिहिलें, सुताराचें बिल जोडलें आणि ‘इन्क्रीज’ या शाळकरी शब्दानेंच काम भागविलें. कांहीं महिन्यांनीं रक्कम मंजूर झाली. त्या संध्याकाळीं अण्णांना आम्हीं आमचा सारा प्रमाद उलगडून सांगितला. ते हंसले, गल्ला मोजला, दिव्याला हात जोडले आणि म्हणाले, “चल, आतां दुकान वाढवितों.” बंद करणें हा अशुभ शब्द तोंडीं येऊं नये, म्हणून आपले दुकानदार दुकान ‘वाढवितात’. सुदैव एवढेंच कीं, तें वाक्य इंग्रजींत उतरविण्याचें काम त्यांनीं आमच्याकडे दिलें नव्हतें. नाहीं तर पुरांत बुडालेलें हें दुकान रोज रात्रीं थोडें थोडें मोठें होत असल्याचें त्या कंपनीला कळतें.