‘वरून आलंय’ म्हणणाऱ्यांना विचारा : सही कोणाची?

आपल्या समाजाला पिढ्यानपिढ्या गप्प बसवण्यासाठी दोन शब्द पुरले : ‘वरून आलंय’. जात वरून आली, ब्रह्मदेवाच्या पायातून आली, म्हणून प्रश्न विचारायचा नाही. निजामाच्या राज्यात ‘वर’ म्हणजे हैदराबाद होते. नंतर ते मुंबई झाले, दिल्ली झाले. आता त्यात वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि जिनिव्हाची भर पडली आहे. ‘वर’चा पत्ता बदलत राहिला, आपण मात्र खालीच राहिलो.

आम्ही डोंगरकड्याचे. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. आमच्या भागात कालव्याचे पाणी ज्याच्या शेतात जाते त्याची केळी उभी राहते, आणि ज्याला जमीनच नाही तो त्या केळीचे घड उचलतो. एका कार्यालयात एका योजनेची चौकशी करायला आम्ही चार-पाच जण गेलो तेव्हा ऐकायला मिळाले, ‘निकष वरून आलेत, आमच्या हातात काय नाही.’ बाहेर आल्यावर आमच्यातल्या एका कायदा शिकणाऱ्या मुलाने विचारले, ‘जे आपण निवडून दिले नाहीत, जे आपल्या देशातही बसत नाहीत, त्यांचा निर्णय बेकायदा असेल तर तो तपासणारे कोर्ट आहे का?’

प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात, जागतिक बँकेच्या कर्जातून उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या १५ जिल्ह्यांत हिंगोली होता. म्हणजे वॉशिंग्टन आपल्या बांधापर्यंत आलेले आहे. म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

आधी आपले संविधान काय म्हणते ते पाहू. मूलभूत हक्क मोडणारा कायदा अनुच्छेद १३ नुसार रद्दबातल ठरतो. हक्क मोडला तर अनुच्छेद ३२ ने सर्वोच्च न्यायालयात आणि २२६ ने उच्च न्यायालयात जाता येते. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच तरतुदीला, म्हणजे आजच्या अनुच्छेद ३२ ला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. कारण हक्क कागदावर असून भागत नाही, तो मागायला दरवाजा लागतो. पण हा दरवाजा ‘राज्या’विरुद्ध उघडतो आणि ‘राज्य’ म्हणजे काय ते अनुच्छेद १२ सांगतो : केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारे, विधिमंडळे, स्थानिक आणि इतर प्राधिकरणे. वॉशिंग्टनची बँक त्यात बसवणे कठीण. संयुक्त राष्ट्रांना तर भारतात १९४७ च्या विशेष कायद्याने खटल्यापासून संरक्षणच दिलेले आहे. मग आपण हात टेकायचे का?

हात टेकण्याआधी युरोपातला एक खटला समजून घ्या. यासीन कादी नावाचा सौदी अरेबियातला उद्योगपती. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या समितीने त्याचे नाव दहशतवाद्यांना पैसा पुरवणाऱ्यांच्या यादीत टाकले. नोटीस नाही, सुनावणी नाही, पुरावा दाखवला नाही. युरोपीय संघाने ती यादी जशीच्या तशी आपल्या नियमात उतरवली आणि त्याची मालमत्ता गोठवली. तो लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेला. २००५ मध्ये खालच्या न्यायालयाने सांगितले की सुरक्षा परिषदेचा निर्णय तपासायचा आम्हाला जवळजवळ अधिकारच नाही. म्हणजे तेच, वरून आलंय!

पण ३ सप्टेंबर २००८ रोजी वरिष्ठ न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्यायाधीशांचे म्हणणे साधे होते. सुरक्षा परिषदेचा ठराव आम्ही तपासत नाही. पण तो लागू करणारा नियम आमच्या संघाने केला आहे, त्याखाली आमच्या संस्थेची सही आहे, आणि आमच्या प्रत्येक नियमाने मूलभूत हक्क पाळलेच पाहिजेत. माणसाला त्याच्यावरचा आरोप सांगितला नाही, बाजू मांडू दिली नाही, म्हणून कादीपुरता तो नियम रद्द. चूक सुधारण्यासाठी संघाला तीन महिने दिले गेले. संघाने पुन्हा नवा नियम करून त्याचे नाव टाकले, तोही २०१० मध्ये रद्द झाला आणि २०१३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते कायम केले. दरम्यान सुरक्षा परिषदेलाही हलावे लागले. यादीतल्या लोकांची तक्रार ऐकण्यासाठी २००९ मध्ये तिने स्वतंत्र लोकपाल नेमण्याचे ठरवले आणि २०१२ मध्ये कादीचे नाव यादीतून काढले. ज्या संस्थेवर खटला चालतच नव्हता ती संस्थाही बदलली, कारण तिचा हुकूम बजावणारा हात कोर्टाने धरला.

मित्रांनो, आमचे म्हणणे एवढेच आहे. ‘वर’ बसलेल्याची मान आपल्या कोर्टाच्या हातात येत नसेल, पण त्याचा निर्णय आपल्या गावात आपोआप उतरत नाही. तो उतरवायला विधिमंडळाचा कायदा लागतो, मंत्रालयाचा शासन निर्णय लागतो, कुठल्या तरी अधिकाऱ्याची सही लागते. तो सही करणारा ‘राज्य’ आहे. त्याला अनुच्छेद १४ लागू आहे, २१ लागू आहे, आणि हिंगोली जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. २००५ मध्ये जागतिक बँकेने महाराष्ट्राच्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पाला ३२ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. पाण्याचे दर आणि हक्क ठरवणारे स्वतंत्र प्राधिकरण हा त्या आराखड्याचा भाग होता. त्याच वर्षी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या कलम १२ मध्ये एक अट आहे : दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्याला शेतीच्या पाण्यासाठी नेहमीच्या दराच्या दीडपट दर. कायदा लागू झाला त्या दिवशी ज्यांना आधीच जास्त मुले होती त्यांना, पुढे संख्या वाढली नाही तर, सूट. ही दोन अपत्यांची अट आपल्या राज्याच्याच धोरणातली, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही तीच लावलेली. म्हणजे कर्ज वॉशिंग्टनचे, पण कलम मुंबईत लिहिलेले. पाण्यावरचा हक्क मुलांच्या संख्येला बांधणे समतेत बसते का, हा प्रश्न वॉशिंग्टनला विचारायचा नाही, विधिमंडळाला आणि न्यायालयाला विचारायचा. ‘सगळे जागतिक बँकेने केले’ अशी घोषणा देऊन मोकळे झालो तर खरा सही करणारा सुटतो.

पाण्याचा विषय निघाला की आपल्याला महाड आठवणारच. ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करून पाणी प्यावे लागले. मग सवर्ण मंडळी कोर्टात गेली. आमची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असा त्यांचा दावा. बाबासाहेबांनी हा खटला दहा वर्षे लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. ‘पुरातन काळापासून चालत आलंय’ या दाव्याला बाबासाहेबांनी पुरावा मागितला, आणि तो समोरच्यांना देता आला नाही. ‘वरून आलंय’ हा त्याच दाव्याचा नवा अवतार आहे. त्यालाही पुरावाच मागायचा.

पण कोर्टात गेले की जिंकलेच, असे नाही. अक्कलकुव्याच्या मणिबेलीच्या आदिवासींना विचारा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बुडिताखाली येणार होती. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या धरणाला ४५ कोटी डॉलर देऊ केले. आंदोलनाच्या दबावाने बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. तिने जून १९९२ मध्ये पुनर्वसनाचे वाभाडे काढले आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. बँक गेली, धरण राहिले. आंदोलन १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात दोन न्यायमूर्तींनी धरणाला वाट मोकळी केली, न्या. भरुचा यांनी वेगळे मत दिले. बहुमताच्या निकालात एक कारण होते उशीर : मंजुरी १९८७ ची, याचिका १९९४ ची. हे कारण आम्हाला आजही पटत नाही, कारण डोंगरातल्या माणसापर्यंत मंजुरीचा कागद पोचवतो कोण? पण कार्यकर्त्याने धडा घ्यायचा तो घ्यावा. निर्णयाची तारीख कळली की त्या दिवसापासून घड्याळ सुरू झाले असे समजावे. युरोपात तर ही मुदत फक्त दोन महिन्यांची आहे.

नर्मदेतून एक गोष्ट मात्र मिळाली. १९९३ मध्ये जागतिक बँकेने स्वतःचे तपासणी मंडळ स्थापन केले. मुंबईच्या रेल्वे आणि रस्ते प्रकल्पात विस्थापित झालेल्या कुर्ला परिसरातल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये त्याच्याकडे अर्ज केले. मंडळाने पुनर्वसनात गंभीर त्रुटी दाखवल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा पैसा काही महिने थांबवला. असा अर्ज दोन किंवा अधिक बाधित माणसे एकत्र येऊन, आपल्या भाषेत करू शकतात. पण हे मंडळ कोर्ट नाही. ते निर्णय रद्द करत नाही, भरपाई देत नाही, फक्त बँकेने स्वतःचे नियम पाळले का ते बघते. पाटलाच्या वाड्यात पाटलाचीच चौकशी, असे म्हटले तर ते अगदी खोटे नाही. तरी पैसा अडतो, आणि अडलेल्या पैशाची भाषा मंत्रालयाला लवकर कळते.

गुजरातमधल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी याहून पुढची पायरी गाठली. औष्णिक वीज प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळावर, म्हणजे जागतिक बँकेच्याच भावकीतल्या संस्थेवर, बुधा इस्माईल जाम आणि इतरांनी थेट अमेरिकेत दावा लावला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी सांगितले की अशा संस्थांना खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही. केवढा मोठा विजय! पण पुढे खालच्या न्यायालयांनी मूळ कृत्य भारतात घडले म्हणून दावा फेटाळला, आणि २०२२ मध्ये तो कायमचा संपला. दरवाजा उघडला, आत जाता आले नाही.

आपल्यातले काही साथी म्हणतील, मग संयुक्त राष्ट्रांवर आपण आशा ठेवू नये का? ठेवावी, पण डोळे उघडे ठेवून. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, कारण अस्पृश्यांनीही तसाच अर्ज करावा असे त्यांच्या मनात होते. २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न आला तेव्हा भारत सरकार म्हणाले, हा आमचा अंतर्गत मामला. गंमत बघा! जातीचा विषय निघाला की सार्वभौमत्व, आणि पाण्याचा दर वाढवायचा असला की आंतरराष्ट्रीय बांधिलकी. २००२ मध्ये वंशभेदविरोधी समितीने जातीवर आधारित भेदभाव करारात येतो असे स्पष्ट केले, पण ती शिफारस बजावणारे कोर्ट कुठे आहे? ते आपल्याकडेच आहे. १९९७ मध्ये भंवरी देवींवरच्या अत्याचारानंतर आलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणासाठी नियम घालून दिले. बाहेरचा शब्द आपल्या बाजूचा असेल तेव्हा तोही आपल्याच कोर्टातून जिवंत होतो.

आता कामाचे बोलू. युरोपीय संघाच्या संस्थेचा निर्णय रद्द करायला तिथले न्यायालय चार गोष्टी बघते. त्याच चार प्रश्नांनी आपल्याकडचा कुठलाही कागद तपासता येतो. निर्णय घेणाऱ्याला तो अधिकार होता का? ठरलेली पद्धत पाळली का, ग्रामसभा, नोटीस, सुनावणी झाली का? निर्णय त्याच्या वरच्या कायद्याशी, म्हणजे शेवटी संविधानाशी, जुळतो का? आणि अधिकार ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला का? हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग माहिती अधिकारात शासन निर्णयाचा क्रमांक, तारीख, कोणत्या कलमाखाली काढला आणि सही कोणाची, एवढे मागा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. कादी श्रीमंत होता, त्याने लक्झेंबर्गला वकील उभे केले. आपल्या मजुराने काय करायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयातसुद्धा. आपल्या किती वस्त्यांत हे माहीत आहे? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो, तसाच गावात लागू होणाऱ्या प्रत्येक योजनेच्या शासन निर्णयांची फाईल विहारात ठेवायला काय हरकत आहे?

डोंगरकड्यात आम्ही अशी फाईल सुरू केली आहे. सध्या तिच्यात सात कागद आहेत, आणि त्यातल्या दोनांवर कलमाचा उल्लेख नाही. त्या दोघांसाठी माहिती अधिकाराचे अर्ज गेले आहेत. तुमच्या गावची फाईल सुरू झाली की आम्हाला जरूर कळवा.

जय भीम! जय संविधान!