झाकणाची बाजू

मी शेतकरी माणूस. अलिबाग-पेणच्या खारेपाटात आमची भातशेती. दहावी झालो आणि पुढं शिकायला घरात पैसा नव्हता, तेव्हा काकांनी मला हाताखाली घेतलं. काका होड्या बांधायचे. कापणी-झोडणी उरकली की पाऊस पडेपर्यंत शेतात फारसं काम नसतं. ते महिने मी किनाऱ्यावर काढू लागलो, आणि बघता बघता चाळीसएक वर्षं तशीच गेली. पावसात चिखल, उन्हाळ्यात लाकडाचा भुसा.

होडीचा कणा, नाळ, वरामण ही कामं काकांची. नवख्याला तिथं कोण हात लावू देणार? मला त्यांनी दिली झाकणं. मासळीच्या खणाचं झाकण, इंजिनाच्या खणाचं झाकण, पुढं दोर-जाळी ठेवतात त्या कोनाड्याचं झाकण. मला तेव्हा ते हलकं काम वाटायचं. घरात डब्याला झाकण असतं, तसं होडीला. पण काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "होडी फळीतनं बुडत नाय रं. फळी जरा पाजरते, पाणी उपसता येतं. होडी बुडते ती आपण पाडलेल्या भोकातनं."

खरंच आहे ते. चांगल्या सागवानाच्या फळ्या, सांध्यांत नीट भरलेला कापूस आणि राळ, एवढं असलं की होडीचं अंग पाण्याला दाद देत नाही. पण मासळी खाली उतरवायची तर डेकला भोक पाडावंच लागतं, आणि तेही लहान चालत नाही. बर्फ जायला हवा, टोपली जायला हवी, माणूस उतरायला हवा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद तरी तोंड लागतं. आणि समुद्राला ते दिसतं.

या तोंडाला चारी बाजूंनी उभा काठ असतो. विहिरीला असतो तसाच म्हणा. डेकवर आलेलं पाणी थेट खणात न जाता काठाला अडावं आणि बाजूच्या मोऱ्यांतून परत समुद्रात जावं, हे त्या काठाचं काम. झाकण काठाच्या आत बसवायचं नाही, काठावरून बाहेर खाली उतरवायचं. आत बसवलं की फटीत पाणी थांबतं आणि वाट शोधतं. बाहेरून उतरवलं तर पाण्याला आधी वर चढावं लागतं. कौल घालताना वरचं कौल खालच्यावर येतं, त्यातलीच ही गोष्ट.

बिजागरी कुठल्या बाजूला घालायची, यावर मी काकांचा ओरडा खाल्लेला आहे, कारण मी फार विचारायचो. ते सांगत, बिजागरी नाळेच्या अंगाला. होडी पुढं जाते, लाट पुढून येते. झाकण उघडं असताना लाट आली तर ती त्याला मागं ढकलून बंद करील. बिजागरी वरामणीच्या अंगाला घातली तर तीच लाट झाकणाखाली शिरून ते उचलील. हे ऐकल्यावर मला आमच्या बांधावरची उघाडी आठवली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. खारेपाटातली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडीच्या बाजूनं मोठा बांध, म्हणून शेती. पण शेतातलं पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधात कुठंतरी वाट हवी. ती वाट म्हणजे उघाडी. तिला खाडीच्या बाजूनं वरून टांगलेली झडप असते. भरती आली की खाडीचं पाणीच झडपेला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. रात्री दोन वाजता भरती आली तरी कुणाला उठून जावं लागत नाही. झडपेत ओंडका अडकला किंवा बांधाला खांड पडली, तर मात्र खारं पाणी आत आलंच, आणि मग दोन-तीन वर्षं त्या शेतात भात नीट येत नाही. माझ्या वडिलांनी अशी वर्षं काढली आहेत. तेव्हा झडप कुठल्या बाजूला टांगायची, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायला नको होतं.

आता वजनाचं बोलतो. तीन फूट बाय तीन फुटांच्या झाकणावर तीन फूट पाणी उभं राहिलं, तर पावणेआठशे किलोंच्या वर भार येतो. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोंहून थोडं जास्तच भरतं, त्यावरून कुणीही हिशेब करून बघावा. म्हणजे दहा-बारा माणसं झाकणावर उभी राहिली असं समजायचं, आणि ती उडी मारून आलेली. म्हणून झाकणाला खालून आडव्या पट्ट्या हव्यात, नुसत्या फळ्या जोडून भागत नाही. आणि पाणी एकदा खणात गेलं की त्याच्या वजनापेक्षा त्याचं हलणं वाईट. परातीत पाणी घेऊन चालून बघा. हंड्यात तेवढंच पाणी निमूट राहतं, परातीत ते ज्या बाजूला कलेल त्या बाजूला धावतं आणि तुम्हालाही ओढतं. होडी कलली की खणातलं पाणी खालच्या अंगाला धावतं, मग होडी आणखी कलते. म्हणून खणात फळ्या घालून कप्पे करतात. पण घाईत त्या फळ्या कोण लावतो?

हे सगळं लिहिण्याचं कारण माझा भाचा.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा, एका नाखव्याच्या होडीवर खलाशी. परत येताना वारा फिरला. मासळी खणात उतरवायचं काम चालू होतं आणि खणाचं तोंड उघडं होतं. बाजूनं लाट आली, पाणी खणात गेलं, होडी कलली. पुढची लाट आली तेव्हा ती आडवीच झाली. जवळच्या होडीनं सहा जणांना उचललं. सातवा, वयानं सगळ्यांत मोठा खलाशी, सापडला नाही. होडी लाकडाची म्हणून तळाला गेली नाही, दोन दिवसांनी ओढून खाडीत आणली.

खणाजवळ भाचा होता. झाकण लावायचं काम त्याचं. झालं, गावानं ठरवून टाकलं. नाखवा म्हणाला, "पोरानं झाकण टाकलं नाय." बाजारात बायका बहिणीशी बोलेनात. पुढच्या नारळी पौर्णिमेला त्याला कुणी होडीवर घेईना. पोरगं घरात बसून राहायचं. मला एकदाच म्हणालं, "मामा, मी उचलत होतो. ते उचलतच नव्हतं."

मी त्या होडीवर जाऊन बघितलं. झाकण वाहून गेलं होतं. काठाला हात लावला तर चार बोटं उंच! बिजागरी नाहीच. साखळी नाही, झाकण बांधायला कडीसुद्धा नाही. नाखव्याची दुसरी होडी शेजारीच होती, त्याच कारागिराच्या हातची. तिचं झाकण दोन इंची फळ्यांचं, खाली थर्माकोल, वर पत्रा मारलेला. भिजल्यावर पंचेचाळीस-पन्नास किलो सहज. धरायला मूठ नाही. काठाच्या आत बसणारं, आणि लाकूड फुगल्यामुळं एकाच बाजूनं बसणारं. उलटं फिरवलं की अर्ध्यात अडकायचं.

बैठक बसली तेव्हा मी नाखव्याला म्हटलं, "नाखवा, आपण सगळे त्या होडीवर जाऊ. तुम्ही हात भिजवा आणि ते झाकण लावून दाखवा. मी दहा आकडे मोजतो." नाखवा वाईट माणूस नव्हता. आला. होडी खाडीत, पाणी शांत, अंगावर लाट नाही. पहिल्यांदा एकटा, मग मुलाला घेऊन. मी दहापर्यंत मोजून थांबलो, मग कुणीतरी मागं पुढं मोजत राहिलं. चाळीसच्या पुढं ते बसलं. नाखवा घाम पुसत म्हणाला, "काठ मीच कमी करवला होता. टोपल्या अडकायच्या." त्यानं हे चारचौघांत सांगितलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. सगळेच सांगत नाहीत.

पुढं शेजारचा एक मुलगा मालवाहू जहाजांवर नोकरीला लागला. सुट्टीत आला की मी त्याला झाकणांवरून छळायचो. त्याच्याकडून कळलं की मोठ्या जहाजांनाही १९३० च्या आधीपर्यंत बहुतेक लाकडी फळ्या आणि वर ताडपत्री असंच होतं. लोखंडी झाकणं १९२९ साली मॅकग्रेगर भावांनी एका कोळसावाहू जहाजावर पहिल्यांदा बसवली. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजाच्या उघड्या डेकवर पुढच्या भागात काठ ६०० मिलिमीटर उंच हवा असं लिहिलंय, म्हणजे जवळजवळ दोन फूट. आमची चार बोटं मला तेव्हा डोळ्यांपुढं दिसली. हा नियम मासेमारीच्या होड्यांना नाही, पण पाणी तर तेच आहे.

त्यानं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. झाकणाला रबराची पट्टी असते, ती काठावरच्या लोखंडी पट्टीवर दाबली जाते. पण झाकणाचं वजन रबरावर टाकत नाहीत, ते वेगळ्या लोखंडी ठोकळ्यांवर बसतं. रबर ठरावीकच दाबायचं. जास्त आवळलं तर ते कायमचं चपटं होतं आणि मग गळतं. शिवाय रबर कधीतरी गळणार हे धरूनच त्याच्या आत एक पन्हळ ठेवतात. गळलेलं पाणी पन्हळीतून नळीनं डेकवर जातं. आणि त्या नळीत एक गोळा असतो, बाहेरून पाणी उलटं आलं की तो तरंगून भोक बंद करतो. मी म्हटलं, अरे, ही तर उघाडी!

डर्बीशायर नावाच्या जहाजाचीही हकीकत त्यानंच सांगितली. इंग्रजांचं जहाज, कॅनडातून लोखंडाचं खनिज घेऊन जपानला निघालेलं. सप्टेंबर १९८० मध्ये वादळात सापडलं आणि बुडालं. मदतीची हाकही ऐकू आली नाही. ४४ माणसं गेली, त्यांत दोघी खलाशांच्या बायका. १९९४ साली समुद्राच्या तळाशी त्याचे तुकडे सापडले. एका तपासणीनं म्हटलं, पुढच्या कोठीचं लहान झाकण खलाशांनी नीट आवळलं नव्हतं. मेलेली माणसं उत्तर द्यायला येणार थोडीच! पण घरच्या लोकांनी सोडलं नाही. २००० साली न्यायाधीशापुढं सगळं पुन्हा तपासलं गेलं आणि निकाल लागला, खलाशांची चूक नाही. लाटांनी पुढचे हवेचे नळ तुटले, त्यातून नाळेकडं पाणी भरलं, पुढचं अंग खाली गेलं, आणि मग पहिल्या खणाचं मोठं झाकण लाटांच्या भारानं फुटलं. झाकणच त्या भारासाठी केलेलं नव्हतं. वीस वर्षं लागली.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "त्या लोकांच्या घरच्यांना कळलं ना?" त्याला दुसऱ्या एका नाखव्यानं होडीवर घेतलं होतं, पण दोन हंगामांनंतर त्यानं दर्या सोडला. आता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. हात चांगला आहे त्याचा.

मी आजही झाकणं करतो. डोळे जरा कमी झालेत, सूतभर फरक बोटानं बघतो. काठ दीड फूट. झाकण एका माणसाला एका हातानं लोटता येईल एवढंच जड, मोठं तोंड असेल तर दोन पल्ले. बिजागरी नाळेकडं. दोन्ही बाजूंना मुठी, ओल्या हातातून सटकू नयेत म्हणून त्यांना दोरी गुंडाळलेली. आवळायला हातानं फिरतील असे नट, पाना शोधायला लागू नये. आणि कुठल्याही बाजूनं बसलं पाहिजे. झाल्यावर मी मालकाला नाही, होडीवरच्या सगळ्यांत लहान पोराला बोलावतो आणि त्याच्याकडून लावून घेतो. मग काठाला खडू फासून झाकण बंद करून उघडतो. रबरावर खडूची रेघ सलग उठली तर ठीक, तुटली तर तिथं परत काम.

या मे महिन्यात तीन झाकणं केली. तिसऱ्या होडीवाल्याला काठ अर्धा फूट कमी हवा होता. टोपली अडकते म्हणाला. मी त्याला टोपली लहान घ्यायला सांगितलं.