कागद संगं ठिवा

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आमची वाडी. दसरा झाला की ती ओस पडायची. घरांना कुलपं, मागं म्हातारी माणसं आणि थोडी लेकरं. माझे आई-वडील मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ते कधी कोल्हापूरकडं, कधी बेळगावकडं ऊसतोडीला जायचे. मी शिकलो तो त्यांच्या घामावर. पण त्या घामाचा हिशोब लागला, तो वाडीतलं टपाल सांभाळणाऱ्या अण्णांमुळं.

ट्रक भरण्याआधी काही दिवस अण्णा संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसत. कोणत्या कारखान्याचा बॉयलर कधी पेटणार, तोडणीचा दर काय ठरला, हे सांगत. मग घरोघरचे कागद बघत. दिवस गेलेल्या पोरीला म्हणत, "दवाखान्याचा कागद संगं ठिव, बाई. तिकडं तुला कोण वळखतंय?" प्रत्येक घराला एक वही आखून देत. तीन रकाने : उचल, खर्ची (हंगामात खर्चाला घेतलेले पैसे), टन. "मुकादमाच्या वहीत काय बी असू दे, आपला आकडा आपल्या वहीत पायजे."

वडिलांना अक्षरओळख नव्हती. आईला आकडे येत. गाडीच्या वजनाची पावती ती कोपीच्या कुडात खोचून ठेवायची आणि रात्री चुलीच्या उजेडात वहीत उतरवायची. एका हंगामाच्या शेवटी मुकादमानं उचल फिटली नाही, पुढच्या साली पुन्हा यावं लागेल, असं सांगितलं. अण्णांनी दोन्ही वह्या शेजारी मांडल्या आणि तारखेनुसार पावत्या लावल्या. दोन खेपा धरल्याच नव्हत्या, एक खर्ची दोनदा लिहिली होती. आवाज न चढवता त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मुकादमानं आकडा दुरुस्त केला. उचल फिटली.

हंगामभर अण्णांची पोस्टकार्डं कारखान्याच्या गट ऑफिसच्या पत्त्यावर जायची. म्हैस व्याली, रेडी झाली. म्हातारीचा खोकला कमी आहे. अमक्याच्या पोरीचं लग्न अक्षय तृतीयेला धरलंय. वडील ती कारखान्याच्या चिठ्ठीबॉयकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत. फडावरच्या माणसाला वाडी सुटलेली नाही, एवढा धीर त्या चार ओळी देत.

आजी गेली त्या वर्षी मलाही कारखान्यावर जावं लागलं. तेव्हा अण्णांनी मी चौथीत शिकतो असं शाळेकडून लिहून, शिक्का मारून घेतलं. त्या कागदावर तिकडच्या मराठी शाळेनं मला वर्गात बसू दिलं आणि परतल्यावर इथली परीक्षा देता आली. त्या बदल्यात अण्णांनी कधी चहासुद्धा घेतला नाही.

आज अशा कागदांना सरकारी योजनांचा आधार आहे. जाणाऱ्या मुलाला शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळतं. ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. २०२० पासून आपलं रेशन कर्नाटकातही उचलता येतं, फक्त आधार जोडलेलं हवं आणि दुकानात अंगठा जुळायला हवा. २०२१ पासून ग्रामसेवकानं ऊसतोड कामगाराची नोंद करून ओळखपत्र द्यायचं आहे. त्याच वर्षी संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी आली. हे सगळं आहे. पण ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला ते वेळेवर सांगणारं कुणी नसेल, तर त्याच्या पदरी काही पडत नाही. सरकारनं योजना काढली, तरी पारावर बसायला माणूसच लागतो.

अण्णा आता नाहीत. त्यांचं ऋण त्यांना परत देता येणार नाही, म्हणून मी दसऱ्याआधी वाडीत जातो आणि वह्या आखून देतो. बीड जिल्ह्यातल्या शिकलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे : टोळ्या निघण्याआधी एक संध्याकाळ आपल्या गावाला द्या. रेशनकार्ड, आधार, लेकराचं हमी पत्रक, ओळखपत्र, गरोदर बाईचे दवाखान्याचे कागद बघा. आणि हिशोबाची वही प्रत्येक कोयत्याच्या हातात द्या.