खैऱ्याच्या उजवीकडची भिंत

आमच्याकडे बैल विकत घेताना दात बघायच्या आधी एक प्रश्न विचारतात : हा कोणत्या अंगाचा? म्हणजे जुवाला डावीकडे चालतो की उजवीकडे. एकदा बाजू ठरली की ती सहसा बदलत नाही. नांगराला तीच, बंडीला तीच आणि कोठ्यातही तीच. (चंद्रपूर जिल्ह्यात आम्ही गोठ्याला कोठा म्हणतो. पुण्यात हा शब्द वापरला की लोक वेगळ्याच नजरेने बघतात.)

खैऱ्या डावा, चांद्या उजवा. दोघेही काठाणी जातीचे. गडचिरोलीजवळून याच नावाची नदी वाहते. चण लहान, पाय काटक, धानाच्या चिखलात न फसता चालणारे. सात वर्षं ही जोडी एका जुवाखाली होती. या सात वर्षांत ते एकमेकांपासून एक रात्रही वेगळे राहिलेले मला आठवत नाहीत.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये लंपी आली. बातम्या जळगावकडून सरकत सरकत विदर्भात पोचल्या, राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंदी आली. हा रोग १९२९ साली झांबियात पहिल्यांदा दिसला आणि २०१९ मध्ये ओडिशात, म्हणजे भारतात. विषाणू शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या कुळातला, म्हणून शेळ्यांच्या देवीचीच लस गाईबैलांना टोचत होते. माणसाला तो होत नाही. डास, गोचीड आणि चावऱ्या माश्या तो पसरवतात. आमच्या गावात लस टोचणारे आले त्याच आठवड्यात खैऱ्याच्या मानेवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. ताप १०५. पुढचा उजवा पाय सुजला.

डॉक्टरांनी सांगितलं, आजारी वेगळा ठेवा. चांद्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला काकांच्या कोठ्यात हलवलं. खैऱ्याला घरामागच्या जुन्या खोलीत बांधलं. तिथे पूर्वी खतांची पोती आणि मोडकी अवजारं असायची. उघड्यावर बांधायचा प्रश्नच नव्हता. आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला लागून. वाघ गावाच्या शिवेत येणं ही आमच्याकडे बातमी नसते.

माझं तेव्हा महिनाभर घरूनच काम चाललं होतं, त्यामुळे खैऱ्याची रात्रपाळी माझ्याकडे आली. इंजेक्शनने ताप दोन दिवसांत उतरू लागला. पण बैल शांत होईना. एकदा या पायावर भार, एकदा त्या पायावर, घड्याळाच्या लंबकासारखा. दाव्याला हिसके. शिंग भिंतीवर घासून पोपडे पाडले. सगळ्यात वाईट म्हणजे त्याने रवंथ थांबवला. निरोगी बैल दिवसातले सात-आठ तास रवंथ करतो, एका घासाला पन्नास-साठ वेळा चावतो. मी मोजायचो. मोजण्याची सवय नोकरीने लावली आहे. खैऱ्या वीस-बावीसवर थांबायचा, कान टवकारायचा, घास तसाच राहायचा. बैलाचं पोट थांबलं की पुढे काय होतं ते आबाजींनी मला दोन वाक्यांत सांगितलं आणि नंतर त्यावर बोलले नाहीत. शिवाय गाठी फुटायला लागल्या होत्या. तो हिसके द्यायचा तेव्हा दावं नेमकं जखमेवर घासायचं. गुंगीचं औषध द्यायला डॉक्टर तयार नव्हते. रवंथ करणाऱ्या जनावराला त्याने पोट फुगायची भीती असते.

रात्री मोबाईलवर शोधू लागलो तर सगळी माहिती घोड्यांची. तबेल्यात एकटे कोंडलेले घोडे असेच डुलतात, लाकूड चावतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी तबेल्यात आरसे लावले तर घोड्यांचं डुलणं कमी झालं. मेंढ्यांवरचाही एक प्रयोग सापडला, २००४ चा : एकट्या कोंडलेल्या मेंढीला दुसऱ्या मेंढीच्या चेहऱ्याचा फोटो दाखवला की ती कमी घाबरते. आणि गाईंचा : ओळखीची जोडीदारीण शेजारी असली की हृदयाचे ठोके खाली येतात. म्हणजे आजार लंपीचा, औषध जोडीदार, आणि जोडीदाराला जवळ आणायला मनाई.

आरशाची गोष्ट मी सकाळी आबाजींना सांगितली. घरातल्या कपाटाचा आरसा काढता आला असता.

ते म्हणाले, "त्यात त्याले कोन दिसंल?"

"बैल दिसंल ना."

"चांद्या कसा दिसते ते त्याले माहीत हाये."

मग ते काठी टेकत खोलीत गेले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. खुंटा खोलीच्या मधोमध होता. आबाजी म्हणाले, "खुंटा बदला. उजव्या अंगाले भिंत येऊ द्या." सात वर्षं खैऱ्याच्या उजव्या बाजूला कायम कोणीतरी होतं. आता तिथे मोकळी हवा होती. बैलाला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त पाठीमागचं थोडं सोडून. म्हणजे ती रिकामी बाजू त्याला सतत दिसत असणार. आम्ही खुंटा भिंतीजवळ रोवला. भिंतीला तणस भरलेली पोती बांधली, जखमांना खरबरीत लागू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. रात्री नऊच्या सुमारास खैऱ्याने आपलं अंग हळूच त्या पोत्यांवर टेकलं.

त्या रात्री त्याने एका घासाला एकेचाळीस वेळा चावलं.

पुढचं मीही सुचवलं. चांद्याच्या पाठीवर रात्रभर टाकलेलं बारदान सकाळी खैऱ्याच्या भिंतीवर टांगायचं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, निरोग्याकडून आजाऱ्याकडे चालेल, उलट मुळीच नाही; हात आणि चपला धुऊन जा. त्यामुळे चांद्याचं बारदान यायचं आणि परत न जाता जाळलं जायचं. घरातली पोती संपल्यावर आईने तिची जुनी लुगडी काढली. चांद्या आठवडाभर जरीच्या काठाची लुगडी पांघरून झोपत होता.

टेंपल ग्रँडिन या अमेरिकन बाईंचं लिखाण मी तेव्हा वाचलं. त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि जनावरं ज्या वाटांनी नेली जातात तिथे स्वतः जनावराच्या उंचीने चालून बघायच्या : कुठे साखळी लटकते, कुठे सावली पडते, कुठे कापड फडफडतं. मीही खोलीत गुडघ्यांवर बसलो. खिडकीला पावसासाठी लावलेल्या ताडपत्रीचा एक कोपरा सुटा होता. वारा आला की बल्बच्या उजेडात त्याची सावली समोरच्या भिंतीवर झेप घ्यायची. तो कोपरा खिळ्याने ठोकला. बाकी मच्छरदाणी होती, कडुलिंबाचा धूर होता, रोज त्याच वेळी तोच माणूस पाणी दाखवायचा. यात सांगण्यासारखं काही नाही, पण निम्मं काम यानेच केलं असावं.

नवव्या रात्री मात्र सगळं फिसकटलं. दीडच्या सुमारास गावातली कुत्री एकदम भुंकली आणि एकदम गप्प झाली. ती शांतता ओळखता येते. खैऱ्याच्या नाकपुड्या फुलल्या, अंगावरची कातडी थरथरायला लागली, त्याने दाव्याला इतका जोरात हिसका दिला की खुंटा हलला. मी दाराची कडी लावून आत बसलो. त्याच्याशी बोलावं असं वाटलं, पण आवाज फुटेना. तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाकडून हंबरणं आलं. चांद्याच होता. खैऱ्या थांबला. उत्तर दिलं. पुन्हा तिकडून आवाज. असं पाच-सहा वेळा झालं. सकाळी नाल्याच्या रेतीत पंजे दिसले, वनरक्षक येऊन फोटो काढून गेले. जनावर कोणाचंही गेलं नव्हतं.

त्या काळात लंपीने बैल दगावला तर सरकार २५ हजार रुपये देत होतं. आमच्याच गल्लीतल्या एका घराने ते घेतले. त्या घरातल्या आजीने पैसे मोजले नाहीत.

खैऱ्याचे २८ दिवस संपले. गाठींच्या जागी खळगे पडले, पायाची सूज बरीच उतरली. चांद्याला परत आणलं तेव्हा मी मोबाईलचा कॅमेरा चालू करून उभा होतो. चांद्याने त्याला एकदा हुंगलं, गव्हाणीकडे वळला आणि त्याच्या वाटणीचं तणस ओढून खायला लागला. खैऱ्या त्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिला. व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे.

जानेवारीत एक व्यापारी आला. बाबांना जोडी विकायचीच होती. भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो हा हिशोब मीच त्यांना दोन वर्षांपूर्वी एक्सेलमध्ये करून दिला होता आणि तो अजूनही बरोबर आहे. व्यापाऱ्याने खैऱ्याच्या कातडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, हा नको, उजवा देता का. भाव चांगला होता. बाबांनी आबाजींकडे बघितलं. आबाजी तंबाखू मळत होते, त्यांनी मान वर केली नाही. बाबांनी व्यापाऱ्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

पुढच्या जुलैत चिखलणी ट्रॅक्टरनेच झाली. दोघे बांधावर बांधले होते, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि ट्रॅक्टर वळताना दोघांच्या माना एकदमच फिरत होत्या.